बेरीज जुळली, नाव गळलं

दिवाळीला भाची पुण्याहून धाराशिवला आली की तिच्यासोबत तिचा संगणकही येतो. फराळाची ताटली बाजूला, मांडीवर ते यंत्र आणि बोटं चालूच. मागच्या दिवाळीत मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई गं, सणासुदीला एवढं काय काम करतेस?"

ती म्हणाली, "मामा, मी एक फाइल बदलते. आणि ती बदलली हे ज्याला कळायला हवं त्याला कळलं का, ते बघते."

"आणि मग?"

"मग परत बदलते."

एवढ्यासाठी पुण्यात इतका पगार देतात हे ऐकून माझी बहीण, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून खो खो हसली. मी हसलो नाही. १९८२ ते २०१८ अशी छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. त्यातली निम्मी तरी दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यांवर लाल टिकमार्क करण्यात गेली. आपण केलेली टिकमार्क खरी की नुसती हाताची सवय, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. त्या प्रश्नावर कुणी पोट भरतं हे मात्र नव्याने कळलं.

भाचीचं काम समजून घ्यायला मला माझं दुसरं पाप आठवावं लागलं, ते म्हणजे लेखन. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या सातव्या प्रकरणाचे तीन खर्डे होते. एक शाईने लिहिलेला, दुसरा त्याच्यावरच पेन्सिलने सुधारलेला आणि तिसरा टंकलेखकाकडून आलेला. छापायला गेला तो भलताच. परिणामी पाचव्या प्रकरणात ज्यांची तिरडी उठली ते तात्या नवव्या प्रकरणात ओसरीवर चहा पिताना सापडले. एका वाचकाने पत्र लिहून, "तात्यांची प्रकृती आता कशी आहे?" अशी चौकशीही केली. चूक माझीच होती. कोणत्या खर्ड्यात काय बदललं आणि शेवटचा कोणता, याची नोंदच मी ठेवली नव्हती.

संगणकवाल्यांना ही अडचण फार लवकर जाणवली, कारण त्यांच्या एका पुस्तकावर शेकडो लेखक एकाच वेळी लिहीत असतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली अशी नोंद ठेवणारी पहिली व्यवस्था रचली. आज जगभर जी वापरतात तिचं नाव गिट. लिनक्स या प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिहिली. कुणी, कधी, कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलली आणि त्याआधी तिथे काय होतं, हे सगळं ती जपून ठेवते. जुनं पुसत नाही. तात्या तिच्या ताब्यात असते तर चहा प्यायला उठले नसते.

पण बदलाची नोंद करायची तर आधी बदल झाला हे कळायला हवं, आणि गंमत इथेच आहे. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून गिट चाळीस अक्षरांची एक खूण काढतं. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ही खूण पार बदलते. मात्र ती काढायला अख्खी फाइल वाचावी लागते. लिनक्सच्या संग्रहात सत्तर हजारांवर फाइल्स आहेत. दर वेळी सगळ्या वाचत बसलं तर कामं कधी व्हायची? म्हणून गिट आधी वरवरच्या खुणा बघतं. फाइलचा आकार तोच आहे का? तिला शेवटचा हात लागल्याची वेळ तीच आहे का? असेल तर आत डोकावत नाही. आमचा रोखपाल शंभर नोटांच्या पाकिटावरची चिठ्ठी आणि सही बघून पाकीट बाजूला ठेवायचा, तसंच हे. मोजणार किती आणि केव्हा?

आता समजा, मी फाइलमधल्या १० चे ०१ केले. आकार तोच राहिला. आणि गिटने आपली नोंद लिहिली त्याच क्षणी केले, म्हणजे वेळही तीच. चोरी झाली आणि कुलूप जागच्या जागी! गिट रचणाऱ्यांना हा डाव ठाऊक होता. म्हणून त्यांनी नियम केला की फाइलला हात लागल्याची वेळ आपल्या नोंदवहीच्या वेळेच्या आधीची नसेल, तर वरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही, पाकीट फोडून नोटा मोजायच्या. हे भाचीने सांगितलं तेव्हा मी तिला दुसरी करंजी दिली.

पुढे पसारा वाढला. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सगळा संग्रह गिटमध्ये आणला. फाइल्स किती, तर सुमारे पस्तीस लाख! इतक्यांच्या नुसत्या वरच्या खुणा बघायच्या म्हटलं तरी माणूस ताटकळतो. मग दारात पहारेकरी बसवायची कल्पना निघाली. संगणकाच्या मूळ प्रणालीला प्रत्येक फाइलची हालचाल कळतच असते. पहारेकऱ्याने ती कान देऊन ऐकायची, आणि गिटने विचारलं की "या बारा फाइल्सना हात लागला, बाकी घर झोपलेलं आहे," असं सांगायचं. २०१८ च्या जानेवारीतल्या आवृत्तीत असा बाहेरचा पहारेकरी जोडायची सोय झाली. २०२२ च्या जूनमध्ये विंडोज आणि मॅकसाठी गिटने घरचाच पहारेकरी दिला.

भाचीचं काम म्हणजे तिच्या कंपनीतल्या अशाच एका पहारेकऱ्याची परीक्षा घेणं. ती एक रिकामं कपाट तयार करते आणि त्यात दोन-चार फाइल्स ठेवते. मग एकीचं नाव बदलते, एक पुसते, पुसून त्याच नावाची दुसरी ठेवते, अख्खं कपाटच शेजारच्या खोलीत सरकवते. इंग्रजी नावातलं मोठं अक्षर लहान करून बघते, कारण काही यंत्रांना त्यातला फरक कळतो, काहींना नाही. प्रत्येक खोडीनंतर विचारते, "सांग, काय झालं?" कधी कधी ती काहीच करत नाही आणि तरी विचारते. तेव्हा पहारेकऱ्याने गप्प राहायला हवं.

मी विचारलं, "उगीच ओरडला तर?"

"तर थोडा वेळ वाया जातो, मामा. गिट जाऊन बघतं, काही नसतं, परत येतं. पण बदल झाला आणि हा गप्प बसला, तर कुणाचं तरी काम हरवतं. त्याला कळतसुद्धा नाही."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला सगळ्यांत आवडली. पहारेकऱ्याला कधी डुलकी लागते. यंत्र बंद पडून सुरू होतं, किंवा एकदम इतक्या हालचाली होतात की त्याच्या हातून काही निसटतात. अशा वेळी त्याने अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. "मला खात्री नाही, सगळं घर तपासा," असंच म्हणायचं. तो खरंच तसं म्हणतो का, याचीही परीक्षा असते. बँकेतल्या नोकरीत "मला खात्री नाही" असं म्हणणारे अधिकारी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले, आणि त्या बोटांत माझं बोट नव्हतं.

आमच्या शाखेत त्या काळी एक अकौंटंट होते. त्यांना तपासणाऱ्याला तपासायची खोड होती. पासिंगच्या गठ्ठ्यात ते मुद्दाम एखादं खोटं व्हाउचर सारून द्यायचे आणि दिवस बंद होण्याआधी काढून घ्यायचे. आकड्यांची अदलाबदल मी लगेच पकडायचो. ५४० चे ४५० झाले तर फरक ९० येतो. अशा फरकाला नेहमी नवाने भाग जातो, हे बँकेतल्या जुन्या माणसांना झोपेतही कळतं. एकदा त्यांनी रक्कम बरोबर ठेवली, तारीख बरोबर ठेवली, फक्त खाते क्रमांक एकाचा आणि नाव दुसऱ्याचं लिहिलं. मी झोकात सही ठोकली. संध्याकाळी त्यांनी ते व्हाउचर माझ्यापुढे ठेवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, बेरीज जुळेल हो. पैसे मात्र दुसऱ्याच्या घरी जातील."

हा धडा मी विसरलो. त्याची शिक्षा माझ्या आत्याला झाली.

आमचं मूळ गाव कळंब तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यात. काळी जमीन, तीत सोयाबीन, तूर आणि आता नावापुरती ज्वारी. आजोबा १९९६ साली गेले तेव्हा वारसांचा फेर झाला. वडील, चुलते आणि आत्या अशी तिन्ही नावं लागली. आपल्याकडे बहिणीने हक्कसोड लिहून द्यायची असते, ही कायद्यात नसलेली पण चावडीवर पाठ असलेली रीत आहे. आत्याने सही केली नाही. "मला वावर नको, पीक नको. बापाच्या कागदावर माझं नाव राहू द्या," एवढंच ती म्हणाली. वडिलांनी ते आनंदाने मान्य केलं, चुलत्यांनी थोडं तोंड वाकडं करून. आत्या लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. त्या नावात तिचं काय होतं, हे आम्हा नोकरदारांना उशिरा कळलं.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना फेरफार सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जमिनीच्या हक्कात बदल झाला, मग तो विक्रीने असो, वारसाने असो की बँकेच्या बोजाने, तलाठी तो आधी गाव नमुना ६ मध्ये लिहितो. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण ६-अ च्या वहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारावर नाव चढतं किंवा उतरतं. नावापाशी त्या फेरफाराचा क्रमांक गोलात लिहिलेला असतो. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव पुसत नसत, त्याला कंस करत. आमच्या लेजरलाही हाच कायदा होता. चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी सही, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. खोडरबर सापडला तर नोकरीवर गदा. आमच्या गावातल्या भाऊसाहेबांना गिट ठाऊक नव्हतं आणि टोरवाल्ड्स यांना गाव नमुना ६ ठाऊक असण्याचं कारण नाही, पण दोघे एकमेकांना सहज समजले असते.

मराठवाड्यात या कागदांना आणखी एक खोली आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे दप्तर उर्दूत, काही मोडीत, वर्षं फसली सनात, म्हणजे इसवी सन काढायला साधारण ५९० मिळवायचे. १९५४-५५ चं खासरा पत्रक आजही जमिनीच्या वादात हुकमाचं पान असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा असा शोध सुरू झाला की लग्नाच्या मुलीला स्थळही कुणी इतक्या निकडीने शोधत नाही. त्याच वर्षी उस्मानाबादचं धाराशिव झालं. बँकेच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या रबरी शिक्क्यांची एक पिढी अडगळीत गेली. लातूर १९८२ साली वेगळं झालं तेव्हाही अशीच गेली होती, आणि मी तेव्हा नोकरीत नवा असल्याने नवे शिक्के मोजून घ्यायचं काम माझ्याकडेच आलं होतं. असो.

तर हाताचे सातबारे संगणकात चढवले गेले. लाखो उतारे, हजारो माणसं, दिवसरात्र टंकलेखन. २०१५ साली चुलतभावाने पीक विम्यासाठी संगणकाचा उतारा काढला. आत्याने तो मला दाखवला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "बघ रे, सगळं बरोबर आहे ना?" मी बघितलं. गट क्रमांक बरोबर, एकूण क्षेत्र बरोबर, पोटखराबा बरोबर, आकार बरोबर. बँकेतला माणूस! म्हणालो, "एकदम बरोबर आहे आत्या."

तिचं नाव त्यात नव्हतं.

आमचं खातं सामाईक. अशा खात्यात नावं एकाखाली एक येतात आणि क्षेत्र सगळ्यांचं मिळून एक. त्यामुळे एक नाव गळलं तरी कुठलीच बेरीज हलत नाही. आकार तोच, वेळ तीच, पाकिटावरची चिठ्ठी जागच्या जागी.

महिन्याभरात शेजारच्या कुणी शिकलेल्या पोराने तो कागद वाचला आणि तिला सांगितलं. आत्या भांडली नाही. तिने आमच्याकडे येणं बंद केलं. त्या वर्षी भाऊबीजेला चुलते तिच्या दारात जाऊन परत आले. तिने ओवाळलं नाही, पाणी तेवढं दिलं. भावांनी मिळून आपल्याला कागदावरून काढलं आणि बँकेतल्या भाच्याने "बरोबर आहे" म्हणून त्यावर शिक्का मारला, असा तिचा समज झाला. त्या समजात तिची काय चूक होती? चुलत्यांनी आधी तोंड वाकडं केलेलं होतंच. मलाही एकदा वाटून गेलं की काकांनी काही केलं तर नसेल? हे लिहिताना लाज वाटते. पण वाटलं होतं हे खरं.

२०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातला सातबारा हाताच्या सातबाऱ्याशी ताडून बघायचा, आणि गावाला जमवून तो मोठ्याने वाचायचा. ज्याला चूक दिसेल त्याने उठून सांगायचं. यंत्रातल्या पहारेकऱ्याला खात्री नसते तेव्हा तो "सगळं घर तपासा" म्हणतो, ते हेच. मी दोन दिवसांची रजा काढून गेलो. मारुतीच्या पारासमोर पत्र्याखाली गाव बसलं होतं. बायका मागे, भिंतीला टेकून. आत्या त्यांच्यात होती, डोक्यावर पदर घेऊन.

भाऊसाहेब वाचत गेले. आमचा गट आला. नावं वाचली. चुलते, मी, माझी बहीण. २००९ साली वडील गेल्यावर आमची नावं लागली होती. मग पुढचा गट सुरू झाला आणि मागून आवाज आला, "थांबा भाऊसाहेब. परत वाचा."

परत वाचलं. तीच तीन नावं. चुलते मान खाली घालून बसलेले. कोतवालाने हाताची जुनी वही आणली. त्यात चार नावं होती. आता प्रश्न असा की चौथं नाव कुणी काढलं आणि कोणत्या अधिकाराने? भाऊसाहेबांनी गाव नमुना ६ मागवला. १९९६ चा वारसाचा फेर निघाला, त्यात आत्याचं नाव. २००९ चा फेर निघाला, त्यात वडिलांच्या जागी आम्ही दोघं. त्यानंतर या गटावर बोजा चढल्याचा एक आणि उतरल्याचा एक. बस. आत्याचं नाव कमी केल्याचा फेरफार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नव्हता. नोटीस नव्हती, सही नव्हती, क्रमांक नव्हता.

भाऊसाहेब तरुण होते, पण समजूतदार. मागे वळून आत्याला म्हणाले, "मावशी, तुमचं नाव कुणी काढलेलं नाही. काढलं असतं तर इथं लिहिलं असतं. टाइप करताना गळालंय."

आत्याने विचारलं, "खरं का रे?" भाऊसाहेबांना नव्हे, चुलत्यांना. सत्तरीचे चुलते सगळ्या गावासमोर रडले. मी खिशातला चष्मा काढून पुसत बसलो.

दुरुस्ती व्हायला काही महिने गेले. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाचा अर्ज, तहसीलदारांचा आदेश, मग नाव. अर्ज मीच लिहिला. त्या साऱ्या काळात आत्या मला एक शब्द बोलली नाही. चुलत्यांचा दोष नव्हता हे तिला पटलं होतं. माझा होता. नाव चढलं त्या दिवशी तिने मला निरोप पाठवला, जेवायला ये म्हणून. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. वाढताना म्हणाली, "तू आकडे वाचलेस रे."

व्यवस्था पुढे सुधारत गेली, हे सांगायला हवं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. आता त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख असते, प्रलंबित फेरफार असेल तर तोही दिसतो. कमी झालेल्या नावाला कंसाऐवजी आडवी रेघ येते, अगदी आमच्या लेजरसारखी. चालू फेरफार 'आपली चावडी'वर घरबसल्या बघता येतात. भाचीला हे सगळं दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, आजीची गोष्ट मी परीक्षेत घालते. आकार तोच, बेरीज तीच, एक ओळ गायब." दुसऱ्या दिवशी तिने खरंच ती परीक्षा लिहिली. पहारेकरी उत्तीर्ण झाला की नाही, हे तिने कंपनीचं गुपित म्हणून सांगितलं नाही. चेहऱ्यावरून वाटलं, नापास झाला.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. दर पाडव्याला नवा उतारा काढून आणायचा आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचायचा, हा तिने मला लावलेला दंड आहे. ती डोळे मिटून ऐकते. यंदा मला भाचीची खोडी आठवली. गट क्रमांक वाचला, क्षेत्र वाचलं, चुलत्यांचं नाव वाचलं, बहिणीचं वाचलं, आत्याचं ठसक्यात वाचलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

आत्याने डोळे उघडले नाहीत.

"आणि तुझं?" ती म्हणाली.